पाय भाजायचाय, पण ओव्हन कुठाय?

जून महिन्यातली गोष्ट. खरवईला आमच्या घरी धाकट्या बहिणीची मुलगी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "मावशी, मला पाय भाजायचाय." मी दचकून तिच्या पायांकडेच पाहिले. आधी ती हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आले.

हा पाय म्हणजे आपला चालायचा पाय नव्हे. मैद्याची पारी ताटलीत बसवायची, तिच्यात गोड किंवा तिखट सारण भरायचे आणि भाजायचे, असा हा इंग्रजी पदार्थ आहे. वरून उघडा आणि लहान असला की त्यालाच टार्ट म्हणतात. भाची बेकरीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करते. परीक्षेत तिला पायची पारी नुसतीच, सारण न घालता भाजून दाखवायची होती. वर्गात मुली जास्त आणि ओव्हन कमी. सराव घरी करा, असे सांगितले गेले. "घरी ओव्हन नाही" असे ही म्हणाली, तर उत्तर मिळाले, "मग हा कोर्स घेतलाच कशाला?"

हे वाक्य पोरीच्या मनाला लागले. तिच्या आईच्याही लागले. माझी बहीण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. त्याच संध्याकाळी ती हप्त्यावर ओव्हन घ्यायचा फॉर्म घेऊन आली. आधीच एक हप्ता चालू होता. मी म्हटले, "आठ दिवस थांब. तोवर आपण करून पाहू. नाहीच जमले तर मग फॉर्म भर."

त्या आठ दिवसांत आम्हाला जे कळले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पारी आधी रिकामी का भाजायची?

काही सारण कच्चे भरून पारीबरोबरच भाजता येते. पण कस्टर्ड, शिजवून थंड केलेला फळांचा गर, मलई अशी सारणे ओली असतात आणि ती पुन्हा भट्टीत घालायची नसतात. ती कच्च्या पारीत ओतली तर तळ गिच्च राहतो. म्हणून पारी आधी एकटीच भाजून कडक करायची. इंग्रजीत याला ब्लाइंड बेकिंग, म्हणजे आंधळे भाजणे म्हणतात. नावाला भिऊ नका.

आमचा पहिला प्रयत्न पार फसला. ताटलीत पारी बसवून ती आम्ही तशीच भाजायला ठेवली. वीस मिनिटांनी झाकण काढले तर मधला भाग टम्म फुगलेला आणि कडा घसरून खाली बसलेल्या. सारण भरायला जागाच नाही! भाची हिरमुसली. माझ्या तोंडून निघाले, "अगं, ही तर पुरी झाली!"

आणि तिथेच कोडे सुटले. पुरी का फुगते? पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट शोधते. वाट मिळाली नाही की पापुद्रा वर उचलते. पाणीपुरीला आपल्याला हेच हवे असते. पण शेवपुरीची पुरी चपटी हवी असते, म्हणून तिला तळण्याआधी टोचे मारतात. म्हणजे फुगवायची कशी आणि फुगू द्यायची नाही कशी, ही दोन्ही कामे आपल्याला येतात. पायच्या पारीलाही काट्याने टोचे मारायचे आणि वर वजन ठेवायचे.

राहिल्या कडा. त्या का घसरतात? पिठातले लोणी आपल्या अंगाच्या उष्णतेनेही वितळते. पीठ मात्र भाजून घट्ट व्हायला बराच जास्त ताव लागतो. लोणी वितळले पण पीठ अजून धरले नाही, अशा मधल्या वेळेत उभी कडा खाली येते. तेवढा वेळ तिला आतून आधार हवा. म्हणून वजन नुसते तळावर ठेवून चालत नाही, ते कडेपर्यंत भरावे लागते.

आपल्या घरातले वजन

परदेशात यासाठी चिनी मातीचे किंवा धातूचे छोटे गोळे विकत मिळतात. आपल्याला ते नकोत. सुके कडधान्य तेच काम करते. आपल्या भागात भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर वाल पेरतात, त्यामुळे वाल घरात असतातच. आम्ही अर्धा किलो वाल घेतले. आठ इंची ताटलीला ते पुरतात. हरभरे, वाटाणे, राजमाही चालतील. तांदूळ सगळ्यात बारीक, म्हणून तो कोपऱ्याकोपऱ्यात नीट बसतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. भट्टीत भाजलेले वाल नंतर भिजत नाहीत आणि नीट शिजतही नाहीत. ते बिरड्याला वापरू नका. थंड झाल्यावर एका डब्यात भरून ठेवा आणि प्रत्येक वेळी तेच वापरा. तांदूळ मात्र एकदा भाजलेला असेल तर भाताला चालतो, थोडा खमंग लागतो इतकेच.

वाल थेट पारीवर ओतले तर ते तिच्यात रुतून बसतात, म्हणून मध्ये कागद घालतात. बटर पेपर किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कागद असेल तर उत्तम. वर्तमानपत्राचा कागद कधीही घेऊ नका, त्याची शाई अन्नात उतरते. मेणकागदही नको, मेण वितळते. आमच्याकडे यातले काहीच नव्हते. दारात केळ होती. तिचे पान विस्तवावरून फिरवून मऊ केले, म्हणजे ते चिरत नाही. त्याला तुपाचे बोट लावले आणि चमकदार बाजू खाली करून पारीवर अंथरले. पान करपून काळपट झाले, पण पारी स्वच्छ निघाली आणि तिला पानगीसारखा मंद वासही आला.

वाळूची भट्टी

आता ओव्हनचा प्रश्न. ओव्हन म्हणजे तरी काय? चहूबाजूंनी सारखा, कोरडा ताव देणारी बंद जागा. अशी जागा आपल्या लोकांनी पूर्वीपासून केलेली आहे. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावतात ती आठवा. मडक्यात भांबुर्डीचा पाला आणि शेंगा गच्च भरायच्या, मडके उपडे करायचे आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. कोकणात काकडीचे धोंडस करताना टोपाच्या झाकणावर निखारे ठेवतात. गोव्यात बिबिंक थराथराने भाजतात, तेव्हाही विस्तव वरूनच देतात. आणि भडभुंजाची कढई तर सगळ्यांनी पाहिली आहे. चुरमुरे-फुटाणे तो तापलेल्या वाळूत भाजतो, कारण वाळू ताव धरून ठेवते आणि सगळीकडे सारखा देते.

दिवाळीत नानकटाईचे पीठ घरी मळायचे आणि बेकरीत नेऊन भाजून आणायचे, हेही आपल्यापैकी पुष्कळजणींनी केले आहे. पत्र्याचे ट्रे बेकरीवाला द्यायचा, भाजायचे पैसे किलोवर घ्यायचा आणि आपण रांगेत उभे राहून आपल्या ट्रेवर डोळा ठेवायचो. जवळ भट्टीची बेकरी असेल तर पारीसाठीही विचारून पाहायला हरकत नाही. पण रोजच्या सरावाला घरचीच भट्टी बरी.

एक जुने, जाड बुडाचे अ‍ॅल्युमिनियमचे पातेले किंवा जुना कुकर घ्या. कुकर असेल तर शिटी आणि रबर दोन्ही काढून ठेवा. कुकर चांगला असेल तर तो यासाठी वापरू नका, कोरडा तापवून खराब होतो. नॉनस्टिक भांडे मुळीच नको. तळाशी बोटाच्या दोन पेरांइतकी कोरडी, धुऊन उन्हात वाळवलेली वाळू पसरा. वाळू नसेल तर जाडे मीठ. हे मीठ नंतर खायचे नाही, पुन्हा याच कामाला ठेवायचे. वाळूवर अडणी किंवा उपडी स्टीलची वाटी ठेवा, म्हणजे ताटली वाळूला टेकणार नाही. झाकण ठेवून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापवा.

ताव बरोबर आहे की नाही, हे मापकाशिवायही कळते. छोट्या ताटलीत चिमूटभर मैदा पसरून भट्टीत ठेवा. तीन-चार मिनिटांत तो बदामी झाला तर ताव योग्य. मिनिटभरातच तपकिरी झाला तर आच कमी करा. पाच मिनिटांनीही पांढराच राहिला तर अजून तापू द्या.

या भट्टीत एक खोट आहे. ताव खालून जास्त आणि वरून कमी मिळतो. पारीचा तळ चांगला भाजला जातो, कडा मात्र पांढऱ्या राहतात. त्यावर धोंडसाचीच युक्ती वापरली. लोखंडी तवा दुसऱ्या शेगडीवर चांगला तापवला आणि झाकणाऐवजी तोच पातेल्यावर ठेवला. कडांना रंग आला.

सावधगिरी हवीच. तापलेल्या वाळूत पाणी सांडू देऊ नका, वाफ अंगावर उसळते. खिडकी उघडी ठेवा, पोरांना लांब ठेवा आणि सुती कपडे घाला. काम झाल्यावर वाळू भांड्यातच थंड होऊ द्या, लगेच उपसू नका.

साहित्य

(आठ इंची, उभ्या काठाच्या स्टीलच्या ताटलीसाठी) मैदा १५० ग्रॅम, म्हणजे साधारण सव्वा कप. थंड लोणी ७५ ग्रॅम, म्हणजे सपाट पाच टेबलचमचे. पिठीसाखर १ टेबलचमचा. मीठ पाव चहाचा चमचा. थंड पाणी २ ते ३ टेबलचमचे. तिखट सारण भरायचे असेल तर साखर वगळा.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. मैद्याच्या निम्मे लोणी, वजनाने. लोण्याऐवजी घट्ट तूप किंवा वनस्पतीही चालते. वनस्पतीतील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी रोजच्या खाण्यात ती कमीच बरी.

कृती

मैदा, मीठ, साखर चाळून घ्या. लोण्याचे तुकडे टाकून बोटांच्या टोकांनी चोळा, तळहाताने नको, तळहात गरम असतो. रवाळ दिसू लागले की थांबा. शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, इथे मोहन थंड हवे. पिठात लोण्याचे बारीक कण राहिले तरच पारीला पापुद्रे सुटतात.

आता पाणी चमच्याचमच्याने घाला आणि गोळा होईल इतपतच एकत्र करा. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नका. तिंबले की पीठ चिवट होते आणि भाजताना आकसते. गोळा झाकून अर्धा तास थंड जागी ठेवा.

फ्रीज नसेल तर काय? बदलापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, लोणी हातातच वितळते. पहाटे करा. पाणी माठातले घ्या. गोळ्याचा डबा माठातल्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवा. तरीही पारी लाटता येत नसेल तर लाटूच नका. गोळा ताटलीत ठेवून बोटांनी दाबत दाबत तळाला आणि काठाला सारखा पसरवा. ही दाबून बसवलेली पारी आकसतेही कमी.

लाटणार असाल तर पुरीहून जाड, करंजीच्या पारीच्या दुप्पट ठेवा. लाटण्यावर गुंडाळून ताटलीवर उलगडा. ती ओढून ताणून बसवू नका, सैल सोडून कोपऱ्यांत अलगद दाबा. ताणलेली पारी भट्टीत मागे सरकतेच. कडा काठाच्या थोड्या वर राहू द्या. तळाला बोटाबोटाच्या अंतरावर काट्याने टोचे मारा. जमल्यास पुन्हा पंधरा मिनिटे थंड करा.

वर तूप लावलेले पान किंवा कागद अंथरा, त्यावर वाल कडेपर्यंत भरा. ताटली तापलेल्या भट्टीत ठेवा आणि झाका. वीस मिनिटांनी कडा घट्ट झाल्या की पान वालासकट चारी बाजूंनी उचलून बाहेर काढा. आत तळ अजून ओलसर, पांढरट दिसेल. घाबरू नका. तापलेला तवा झाकून आणखी बारा ते पंधरा मिनिटे भाजा. तळ कोरडा आणि फिकट बदामी झाला की पारी झाली. मधेच कुठे फुगली तर सुईने टोचून चमच्याच्या पाठीने हलकेच दाबा.

सारण फार ओले असेल तर आणखी एक काम करा. पारी गरम असतानाच तळाला अंड्याच्या पांढऱ्याचा हात फिरवून दोन मिनिटे पुन्हा भट्टीत ठेवा. बारीक भोके बुजतात आणि तळ भिजत नाही. अंडे नको असेल तर पारी थंड झाल्यावर वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात द्या.

भट्टी तापवायला गॅस लागतो, तेव्हा एका पारीवर ती विझवू नका. पाठोपाठ दुसरी पारी ठेवा, नाहीतर नानकटाई. गॅस बंद केल्यावर उरलेल्या तावात शेंगदाणे भाजून निघतात.

वाट्यांची युक्ती

मोठी ताटली नसेल, किंवा वालही नसतील, तर एकसारख्या दोन स्टीलच्या वाट्या घ्या. एका वाटीत पारी बसवा आणि तिच्यावर दुसरी वाटी, बाहेरून तूप लावून, दाबून बसवा. आतली वाटीच वजनाचे काम करते. पंधरा मिनिटांनी ती काढून घ्या आणि पारी आणखी दहा मिनिटे भाजा. किंवा वाटी उपडी करून पारी बाहेरूनच चिकटवा आणि तशीच भाजा. कटोरी चाटच्या कटोऱ्या ओव्हनमध्ये करतात त्या अशाच.

सारण आपल्या जांभळाचे

आम्ही सारणही इथलेच केले. बदलापूरच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे तुम्ही ऐकले असेल. जूनमध्ये आदिवासी भगिनी टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्याकडून पिकलेली जांभळे अर्धा किलो घेतली. स्टीलच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून शिजवली, निवल्यावर हाताने कुस्करून बिया काढल्या. गरात पाच टेबलचमचे साखर, चिमूटभर मीठ आणि थोड्या पाण्यात कालवलेले दोन टेबलचमचे कॉर्नफ्लोअर घालून ढवळत राहिलो. बुडबुडे येऊन चकाकी आल्यावर आणखी मिनिटभर शिजवले आणि कोमट झाल्यावर थंड पारीत ओतले. दोन-तीन तासांत ते वडीसारखे कापता आले. जांभळे नसतील तेव्हा आंब्याचा रस, कस्टर्ड-केळी, नाहीतर कोरडी परतलेली भाजी भरा.

चुकले तर काय चुकले?

तळ फुगला, तर टोचे कमी पडले किंवा वाल कमी. कडा बसल्या, तर वाल कडेपर्यंत नव्हते किंवा पारी गरम झाली होती. पारी आकसली, तर पीठ जास्त मळले किंवा ताणून बसवले. तळ गिच्च राहिला, तर वाल काढल्यानंतरचे भाजणे अपुरे पडले. फसलेली पारी टाकू नका. आमच्या पहिल्या दोन पाऱ्या चुरून चहाबरोबर खाल्ल्या, पोरांनी शंकरपाळ्या म्हणून संपवल्या.

तिसरी पारी बरी आली. चौथी उभी राहिली. सहाव्या दिवशी बहीण कामावरून आली तेव्हा ताटलीत जांभळा पाय तयार होता. तिने आधी हात धुतले, मग एक तुकडा खाल्ला आणि पोरीला विचारले, "हे वाल कशाला घातले होते गं?" भाचीने आईला वाफेपासून शेवपुरीपर्यंत सगळे समजावून सांगितले. बहिणीने मान डोलावली आणि म्हणाली, "मग परीक्षेतही असंच सांग."

परीक्षेत भाचीला हाच प्रश्न विचारला गेला. वजन कशासाठी? पुस्तकातली व्याख्या तिला पाठ होती, पण तिने पुरीचे उदाहरण दिले. पारीही बरी भाजली. निकाल अजून लागायचा आहे.

भगिनींनो, ओव्हन वाईट आहे असे मी म्हणत नाही. रोज ऑर्डरी घ्यायच्या असतील तर तो लागेलच, वाळूच्या भट्टीत एका वेळी एकच ताटली बसते. पण शिकायला ओव्हन लागतोच असे नाही. आधी हात शिकू द्या, काम मिळू द्या, मग त्या कमाईतून ओव्हन येऊ द्या. हप्ता आधी आणि काम नंतर, या फेऱ्यात पडू नका. आयटीआयमधूनही बेकरीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकवतात. आपल्या मुलींना त्यात जावेसे वाटत असेल तर "घरी सामान नाही" एवढ्यासाठी त्यांना मागे ओढू नका.

बहिणीचा तो फॉर्म ट्रंकेत तसाच कोरा पडून आहे. शेजारच्या बारशाला भाचीने चोवीस वाट्यांचे टार्ट करून दिले, त्याचे पैसे तिने वेगळ्या डब्यात ठेवले आहेत. आणि फळीवर वालाचा एक डबा आहे. त्यावर तिने चिठ्ठी चिकटवली आहे : "भाजायचे वाल. शिजवू नयेत."

करून पाहा, आणि कसे झाले ते जरूर कळवा.